बदामाला मुक्कामाची थंडी हवी

“मॅडम, अक्रोडाच्या झाडाला एसी लावला, तर जळगावात अक्रोड येतील का?”

प्रश्न मी विचारला, पण तो माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या साक्षी आणि तेजसने मधल्या सुट्टीत तो जुळवला आणि पैज लावली, की विधीत दम असेल तर तिने सगळ्या शाळेसमोर उभं राहून, माइक हातात धरून तो विचारायचा. जिंकले तर मेहरूण तलावावर भेळ, माझी बिनकांद्याची. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा बाकाच्या कानात सांगितल्यासारखी द्यायचे. यंदा काय झालंय कोण जाणे, माझा आवाज मला सापडलाय. नवी सायकल मिळाली की माणूस कुणी न सांगता कोथिंबीर आणायला निघतो ना, तसं माझं चाललंय. कुठेही बोलायला मिळालं की मी निघाले.

हॉल हसला. आमच्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत झाडांवर बोलायला आलेल्या, स्टेजवरच्या कुंदा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या धुळ्याच्या, देवपूरला राहतात, कॉलेजात फळबागा शिकवतात, आणि साक्षीच्या सख्ख्या आत्या आहेत. म्हणून तर साक्षी एवढी शेर झाली होती. “माझीच आत्या आहे, खाणार नाही तुला,” असं म्हणाली होती.

“येतील की,” मॅडम म्हणाल्या. “पण मग हिवाळाभर एसी बंद करायचा नाही. लाइट गेली की झाड गोंधळणार. आपल्याकडे लाइट किती जाते ते तुम्हीच सांगा.”

पुन्हा हशा. मग त्या टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, अगदी माझ्याशीच बोलल्यासारख्या.

“अक्रोड, बदाम ही झाडं हिवाळ्यात झोपतात. डुलकी नाही, चांगली गाढ झोप. सात अंशांच्या खालचा गारठा शेकडो तास अंगावरून गेला की त्यांना कळतं, हिवाळा सरला, आता उठायचं. तेवढा गारठा मिळाला नाही तर झाड अर्धवट जागं राहतं. पानं येतात, फूल येत नाही. जळगावात थंडी पडते, नाही असं नाही. पहाटे शेकोट्या पेटतात. पण शाळा भरेपर्यंत तुमचे स्वेटर कमरेला बांधलेले असतात. आपल्याकडे थंडी पाहुणी म्हणून येते. बदामाला ती मुक्कामाला हवी असते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक हातात धरून तशीच उभी. साक्षी खालून माझी ओढणी ओढत होती, बस ना, जिंकलीस ना. पण पैज संपली होती आणि माझा खरा प्रश्न आत्ता सुरू झाला होता. कारण आमच्या घराला लागून जो मोकळा प्लॉट आहे तिथे, पत्र्याच्या आडोशाला, माझी बदामाची रोपं उभी होती. वीतभर वाढलेली. आणि या बाई म्हणत होत्या, फूल येणार नाही.

आमचं सुकामेव्याचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. दुकानात गेले की मी चारोळीच्या बरणीत हात घालते आणि पप्पा ओरडतात, “गिऱ्हाइकासाठी ठेव थोडी.” पण चातुर्मास लागला की गंमत होते. सगळ्या गावाला काजू-मनुका विकणारं आमचं घर स्वतः त्यांना हात लावत नाही. आम्ही जैन, आमच्यात पावसाळ्याचे ते चार महिने सुकामेवा बंद. चालतो फक्त बदाम, तोही त्याच दिवशी कवच फोडून काढलेला. कालचा फोडलेला आज नाही. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरात सकाळ दुधाने किंवा पेपरने होत नाही, टक टक टक अशी होते.

फोडायचं काम माझ्या मोठ्या बहिणीचं, रूपलताईचं. ती मागच्या पायरीवर बसायची, पायात पाट्याचा तुकडा धरायची आणि छोट्या पितळी हातोडीने असा नेमका घाव घालायची, की कवच दुभंगायचं आणि आतला बदाम अख्खा. मी मारला की चुरा. कधीतरी एका कवचात दोन निघायचे, एकमेकांना टेकून बसलेले, टेकल्या बाजूने चपटे. जुळा निघाला की एक तिचा, एक माझा, असा आमचा कायदा होता. मम्मीलाही त्यात वाटा नव्हता.

मी सातवीत असताना रूपलताईने दीक्षा घेतली.

त्या दिवशी ती रथात बसून दोन्ही हातांनी आपल्या सगळ्या वस्तू उधळत निघाली होती आणि मी रथाच्या बाजूने पळत होते. ती इतकी हसत होती की मला वाटलं, हे लग्नासारखंच काहीतरी आहे. लग्नानंतर मुली माहेरी येतात, ही पण येईल. मग तिचे केस गेले, पांढरी वस्त्रं आली, नवं नाव आलं. आता ती साध्वी नम्रगुणाश्री. तिला ताई म्हणायचं नसतं, महाराज साहेब म्हणायचं. ती फोन वापरत नाही, गाडीत बसत नाही, चप्पल घालत नाही. गावोगाव पायी चालते आणि जेवणवेळेला घरोघर जाऊन, जिथे जे शिजलं असेल त्यातलं थोडं थोडं घेते. त्याला गोचरी म्हणतात. माहेरी येणं असं काही त्यात नसतं.

ती आनंदात आहे, हे मला लिहायलाच हवं. साक्षीला आधी वाटायचं की तिला कुणी पाठवलं. कुणी पाठवलं नाही. तिला जायचं होतं, केव्हापासून जायचं होतं, आणि घरात सगळ्यांना एकेक करून विचारून ती गेली. मलाही विचारलं होतं. पण तेव्हा माझा आवाज मला सापडला नव्हता. मी मान हलवली होती.

तर माझा बेत असा होता. एखाद्या वर्षी तिचा चातुर्मास, म्हणजे पावसाळ्यातला चार महिन्यांचा मुक्काम, जळगावात होईल. होतोच कधी ना कधी. एखाद्या सकाळी ती गोचरीला आमच्या दारी येईल, जशी कुणाच्याही दारी जाते तशीच. त्या सकाळी मी आमच्या झाडाचा बदाम त्याच पायरीवर बसून फोडलेला असेल, अख्खा, चुरा नाही. आणि तो मी माझ्या हाताने तिच्या पात्रात ठेवीन. बाकी काही नाही. बोलायचंही नाही. एवढ्यासाठी झाड.

म्हणून मी मागच्या दिवाळीनंतर दुकानातले कवचवाले बदाम ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले, मम्मीला ते दह्याच्या भांड्यामागे सापडले, तिने ते परत तिथेच ठेवले, आणि त्यांना खरोखर मोड आले.

कार्यक्रम संपल्यावर कुंदा मॅडम चहा पीत होत्या तिथे साक्षीने मला ढकललं. “आत्या, ही एसीवाली.”

“दुकानातल्या बदामाला मोड येतात, मॅडम,” मी एका दमात म्हणाले. “म्हणजे त्याला इथे राहायचंय, असं नाही का?”

त्यांनी कप खाली ठेवला. “मोड कुठेही येतात गं. कुणासाठी लावलंस?”

मी सांगितलं. साक्षीलासुद्धा तेव्हाच कळलं. तिने माझ्या भेळेचे कसलेच जोक मारले नाहीत, उलट भेळ खाताना स्वतःची शेव माझ्या द्रोणात टाकली.

एका रविवारी मॅडम भावाकडे आल्या तेव्हा आमच्या प्लॉटवरही आल्या. साक्षीमुळे एव्हाना मीही त्यांना आत्याच म्हणायला लागले होते. शेजारच्या बांधकामावर राखणीला असलेले तोताराम आबा फावडं घेऊन आले आणि आत्यांनी दाखवलं तिथे त्यांनी कोपरभर खोल खड्डा काढला. आत्यांनी तो बादलीने काठोकाठ भरायला लावला.

“आता?” मी विचारलं.

“आता तुझ्या आईच्या हातचे पोहे.”

पोहे खाऊन आलो तर आबा खड्ड्यात डोकावून उभे होते, हरवलेली वस्तू शोधल्यासारखे. “बठ्ठं पानी जिरी गये,” ते म्हणाले.

आत्या खूश झाल्या. प्लॉट पाडताना इथे मुरूम टाकलेला, वर नावाला काळी माती. मेहरूण तलाव इतका जवळ असून पाणी थांबत नाही, म्हणजे मुळं कुजणार नाहीत, असं त्यांनी समजावलं. मग त्या प्लॉटच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हळूहळू गोल फिरल्या, ऊन कुठून येतं, भिंत कुठे तापते, वारा कुणाच्या गच्चीवरून उतरतो ते बघत. नवीन सून आणायच्या आधी घर बघावं तसं.

“काजू?” पप्पांनी विचारलं. पप्पांना सवयीने काजूच आठवतो.

“काजूला ओलसर हवा लागते, भाऊ. समुद्राकडची. इथल्या झळांनी मोहोर वाळून जाईल. अक्रोडाचं तर विधीने मला भर सभेत विचारलंच आहे.”

“आणि शाळेत असतो तो बदाम? मोठ्ठ्या पानांचा, लाल होऊन गळतात तो?” साक्षी म्हणाली. आम्ही सगळेच लहानपणी ती फळं दगडाने ठेचून खायचो.

“तो जगेल. पण शेजाऱ्यांच्या गच्चीपर्यंत हातपाय पसरेल, आणि एवढं ठेचून गर मिळेल नखाएवढा.” आत्यांनी उत्तरेकडे हात केला. जळगावातून स्वच्छ दिवशी तिकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. “मला विचाराल तर चारोळी. ती इथली, घरची. तिला ऊन चालतं, थंडी ती मागत नाही, साचलेलं पाणी तेवढं खपत नाही, आणि ते तुमच्याकडे साचत नाही. फक्त तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून पिशवीतलं रोप आणून लावलं की रुसते. ताजं बी, जून लागला की जागेवरच टोकायचं. आणि वाट बघायची. फळ लागेपर्यंत तुझं कॉलेज निम्मं झालेलं असेल.”

“चारोळी नाही चालत,” मी म्हणाले.

“का?”

“चातुर्मासात. तेव्हा बदामच चालतो.”

आत्यांनी माझ्या रोपांकडे पाहिलं. ती फार छान दिसत होती हो तेव्हा. बारीक, टोकदार, तकतकीत पानं, जणू काश्मीरहून नुकतीच उतरून बॅगा ठेवून उभी होती.

“विधी,” आत्या म्हणाल्या, “तू जमिनीला विचारत नाहीयेस. तिला सांगतेयस.”

मला राग आला. मी म्हटलं, मी करून दाखवीन.

आणि मी केलं. होळी झाली, ऊन चढायला लागलं, तशी मी पत्र्यावर गोणपाट टाकलं, गोणपाट दिवसातून किती वेळा भिजवलं याचा हिशोब नाही. एप्रिलमध्ये बर्फ सुरू केला. फ्रिजमधला ट्रे घमेल्यात रिकामा करायचा आणि घमेलं रोपांच्या मध्ये ठेवायचं, म्हणजे गारवा सुटेल.

तोताराम आबा घामाने निथळत कुंपणापलीकडून बघत राहायचे. “झाडले बरफ? आनि मी आठे घामम्हा न्हाई र्‍हायनू.”

“या ना आबा, तुम्हीही बसा बाजूला.”

“मी बसस. पन मी बदाम थोडाच शे, मना भाव काय लागी?” असं म्हणून ते हसायचे आणि खरंच घमेल्यातला एक तुकडा उचलून मानेवर फिरवायचे.

पप्पा म्हणाले, “आता यांना रात्री रजई पण घाल.”  मी शाळेतून येईपर्यंत मम्मीने ट्रे प्रत्येक वेळी भरलेला असायचा, आणि फ्रिजमधून भेंडी-गवार बाहेर काढून तिथे आणखी दोन डब्यांत पाणी ठेवलेलं असायचं. आमच्या घरात ताईबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या घरात बर्फ होत होता.

पानं कडेने करपायला लागली. आधी कडा, मग शिरांपर्यंत. कागद मेणबत्तीजवळ धरावा तशी. शेवटी बरीचशी रोपं काडी होऊन गेली, एक राहिलं, तेही डोक्यावर चार पानं धरून.

अशात कळलं की ताईचा साध्वींचा संघ शिरपूरकडून धुळ्याला विहार करत येतोय. विहार म्हणजे त्यांचं चालणं. हायवेने, भल्या पहाटे, ऊन तापायच्या आत. सोनगीरला मुक्काम होता. पप्पांनी दुकान बंद ठेवलं, जे ते लग्नालासुद्धा ठेवत नाहीत.

निघताना मी स्वयंपाकघरात डबा शोधायला लागले. ताईला मेथीचे ठेपले आवडायचे.

“डबा नाही न्यायचा,” मम्मी म्हणाली. “त्यांच्यासाठी म्हणून केलेलं चालत नाही. कुणी स्वतःसाठी केलेलं असेल त्यातलं घेतात. माहीत आहे ना तुला?”

माहीत होतं. ते तर मला पाळण्यापासून माहीत होतं. मी डबा परत ठेवला.

सोनगीरला हायवेलगत साधू-साध्वींच्या मुक्कामासाठी एक साधी इमारत आहे, मागे टेकडीवर किल्ला. आम्ही पोचलो तेव्हा किल्ल्याचा दगड तापायला लागला होता. आतल्या खोलीत सगळ्या साध्वी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढऱ्यात सगळ्या सारख्याच दिसतात. मला क्षणभर माझी ताई ओळखू आली नाही, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग कोपऱ्यातली एक हसली.

“मत्थएण वंदामि,” मम्मी-पप्पा वाकले. मीही वाकले. तिचे तळपाय माझ्यासमोर होते. आमच्या प्लॉटची माती मे महिन्यात भेगाळते, तसे. हिचे पाय आधी इतके मऊ होते की उन्हाळ्यात गच्चीवर जायचं तर ती माझ्या चपलांवर उड्या मारत यायची. मम्मीने विचारलं, सुखसाता आहे ना, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, आहे. मम्मीने पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा म्हणाली, आहे.

“विधी उंच झाली,” ती म्हणाली.

बस्स, एवढं पुरलं. मी जी सुरू झाले ती थांबेना. एसीचं सांगितलं, माइकचं सांगितलं, हॉल कसा हसला ते सांगितलं. हातातली मुहपत्ती तोंडासमोर धरून तीही हसली. हसणं तेच होतं. कपड्याआडून आलं तरी तेच होतं.

“तू माइकवर बोललीस?”

“हो.”

“तू? पाहुणे आले की पलंगाखाली जाणारी?”

“आता पाहुणेच जातात,” पप्पा म्हणाले, आणि शेजारच्या वयस्क महाराज साहेबही हसल्या.

मी इतकी खुशीत होते की पुढचं तोंडातून निघून गेलं. “आणि मी बदाम लावलेत. आपल्या प्लॉटवर. तुमच्यासाठी. तुमचा चातुर्मास जळगावात झाला ना, की मी त्याच दिवशी फोडून तुम्हाला वहोरावणार, तुमच्या पात्रात वाढणार, आपल्याच पायरीवर बसून…”

मम्मीचा हात माझ्या गुडघ्यावर आला, पण उशिरा.

 हायवेवरून एक लांबलचक ट्रक गेला.

“विधी,” ती म्हणाली, “मग त्या झाडाचं मला चालणार नाही.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. डबा मी ओट्यावर परत ठेवला होता आणि झाड तोंडात घेऊन आले होते.

“झाडाला पण लागतं ते?”

“आमच्या निमित्ताने जे होतं ते आम्ही घेत नाही. भाजी असो, झाड असो.”

“मग मी बोललेच नाही असं समजा.”

“मी ऐकलंय ना,” ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मला रडू यायच्या ऐवजी तिचीच काळजी वाटली.

“म्हणजे लावू नको?”

“लाव, असं मी म्हणू शकत नाही. लावू नको, असंही नाही.”  मग म्हणाली, “पण बदाम? तुला तर बदाम आवडायचाच नाही.”

“मला?”

“जुळ्यातला तुझा तू गालात धरून ठेवायचीस. मी उठून गेले की जास्वंदीत टाकायचीस. मला माहीत होतं.”

पप्पा मम्मीकडे बघायला लागले.

“तुला चारोळी आवडायची,” ती म्हणाली. “दिवाळीत बासुंदीवरची सगळी वेचून खायचीस आणि मग सगळ्यांना पांढरी बासुंदी.”

तेवढ्यात बाहेरून त्यांना कुणीतरी बोलावलं, स्वाध्यायाची वेळ झाली होती. ती उठली. उठताना भिंतीला हात टेकला, पण मदत मागितली नाही, आणि मागे वळून बघितलं नाही. तसं बघायचं नसतं. मी तिच्या पायांकडे बघत राहिले, ते दारातून गेले तोपर्यंत.

आम्ही परतीची वाट धरली. धुळं गेलं. पप्पांनी एसी वाढवला आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “अक्रोडांना गार लागतंय का नीट?” मी हसले नाही. मग त्यांनी उगाच काच पुसली.

मी विचार करत होते. तिने सगळं सोडलं म्हणतात. घर, नाव, चप्पल, आम्ही. आणि बासुंदीवरच्या चारोळ्या कोण वेचत होतं ते तिला आठवतंय. मी मात्र इतके दिवस मला बदाम हवा म्हणून रोपांना बर्फ घालत बसले आणि मला बदाम आवडत नाही हेही विसरले. मला ती टक टक हवी होती. तिचं पायरीवर बसणं हवं होतं. ते कुठल्या झाडाला लागतं?

शेतं गेली, केळीच्या बागा दिसायला लागल्या, हिरव्यागार, पाटाच्या पाण्यावर तगलेल्या. बाकी सगळं पिवळं. त्या पिवळ्यात कुठेतरी बाभूळ उभी, लिंब उभा, कुणी न घातलेल्या पाण्यावर. त्यांना कुणी कुणासाठी लावलेलं नव्हतं. अशाच झाडांची सावली मात्र शिरपूरच्या वाटेवर, ऊन चढल्यावर, चालत येणाऱ्या सगळ्यांना मिळाली असणार, तिलाही. ती थांबली असेल एखाद्याखाली. सावली कुणाची आहे हे तिला विचारावं लागलं नसेल.

पारोळ्याच्या पुढे पप्पांनी चहाला गाडी थांबवली. टपरीवरच्या बाकावर मम्मी मध्ये, आम्ही दोन बाजूंना. मम्मीने चहा बशीत ओतला आणि पिईना. तिचा पदर अजून डोक्यावरच होता, तिथे घेतला होता तसा.

“मी फ्रिजमधले डबे काढून टाकते,” ती शेवटी म्हणाली. “पाण्याचे.”

“एक रोप अजून आहे ना,” पप्पा म्हणाले.

“ते राहू दे,” मी म्हणाले. “सावलीत आहे, पाणी मी घालीन. पण बर्फ नको. जगलं तर जगलं.” मग मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले. का ते माहीत नाही, माइक नव्हता, टपरीवाला आणि एक कुत्रं सोडून ऐकायलाही कुणी नव्हतं, पण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं.

“पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. प्लॉटवर चारोळी लावायची. आत्या म्हणाल्या तशी, बी जागेवर टोकून. तुमचा चोपड्याकडचा माणूस आहे ना, जो डोंगरातून माल आणतो, त्याला सांगा, यंदाची ताजी, कवचासकट हवी. दुकानातली फोडलेली नको, ती उगवत नाही. आणि ही ताईसाठी नाही.”

“विधी,” मम्मी म्हणाली.

“नाही मम्मी, खरंच नाही. तिच्यासाठी नाही आणि कुणासाठीच नाही. माझ्यासाठी, मला आवडते म्हणून. फळं आली की आधी मी खाणार, मग तुम्ही, मग पाखरं आणि तोताराम आबा. बासुंदी करू, आणि तेव्हा तिच्यावरची चारोळी मी वेचणार नाही. आणि जेवणाच्या वेळेला आपलं दार रोज उघडं असतं, तसंच उघडं राहील.”